इंग्रजीत उद्याबद्दल लिहिताना: माझा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, पुढं बेळगावात पदवी घेतली. परदेशी शिकायला जायचं म्हणून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली आणि सगळ्यात जास्त वेळ घेतला लेखनातल्या दुसऱ्या प्रश्नानं. ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध, विषय बरेचदा पुढच्या काळाचे. शहरं वाढतील का, छापील पुस्तकं टिकतील का. तिथं नुसतं 'विल' लिहीत गेलं की प्रत्येक वाक्य भविष्यवाणी वाटतं. खात्री किती, हे सांगायला डेफिनेटली (नक्की), प्रॉबॅब्ली (बहुतेक), परहॅप्स (कदाचित) लागतात.

आधी त्यांची जागा पक्की केली. आमची आत्ती 'येतंय बघ पाऊस बहुतेक' म्हणते, नाहीतर 'बहुतेक येतंय बघ', दोन्ही चालतं. इंग्रजीत प्रॉबॅब्ली, सर्टनली, डेफिनेटली सहसा 'विल'नंतर येतात: 'इट विल प्रॉबॅब्ली रेन'. नकार असला की 'वोन्ट'च्या आधी: 'इट प्रॉबॅब्ली वोन्ट रेन'. परहॅप्स आणि मेबी बहुतेकदा वाक्याच्या सुरुवातीला. मेबी बोलण्यातलं, निबंधात परहॅप्स बरं.

जागा सरावानं बसते. कुठला शब्द घ्यायचा, हे अवघड. त्यासाठी वहीत डावीकडं आधार आणि उजवीकडं वाक्य लिहायला लागले, तेही आपल्याच भागातलं. कणकुंबीला जुलैत पाऊस पडेल का? मलप्रभा उगम पावते तो घाटमाथा, दरसाल धो धो पडतो. डेफिनेटली. हिडकल धरण यंदा भरेल का? घाटात पाऊस चांगला झालाय, पण ऑगस्ट अजून जायचाय. प्रॉबॅब्ली.

मग सीमाप्रश्न लिहायला घेतला आणि हात थांबला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा विषय, महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केलेला. निकाल लवकर लागेल का? आमचे आजोबा म्हणतात, 'लागणारच की!' मलाही मनापासून तेच लिहावंसं वाटत होतं. पण डाव्या रकान्यात तारीख नव्हती, होती ती आमची इच्छा. म्हणून परहॅप्स लिहिलं. आजोबांच्या 'लागणारच की'साठी इंग्रजीत शुअरली आहे. नक्की ठाऊक असलेल्या गोष्टीला तो सहसा लावत नाहीत. 'असं व्हायलाच हवं, तुम्हालाही पटतंय ना?' असा सूर त्यात असतो. पत्रात, भाषणात तो जिवंत वाटतो. पुरावा मांडायच्या निबंधातून मी तो काढून टाकला, आणि हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

आपल्याकडं सर्रास ऐकू येणारं 'मे प्रॉबॅब्ली'ही टाळलं. मे म्हणजे होईल किंवा नाही होणार, प्रॉबॅब्ली म्हणजे होण्याचीच शक्यता जास्त; दोन्ही एका वाक्यात ओढाताण करतात. त्यापेक्षा 'विल प्रॉबॅब्ली' किंवा 'इज लाइकली टु' सरळ.

परीक्षेत शेवटची काही मिनिटं राखून ठेवली आणि उत्तरातला एकेक 'विल' तपासला. जिथं आधीच्या ओळीत कारण दिलं होतं तिथं प्रॉबॅब्ली ठेवलं, जिथं नव्हतं तिथं आधी कारणाचं एक वाक्य घातलं. एके ठिकाणी कारण सुचलंच नाही, तिथं परहॅप्स करून पुढं गेले. विद्यापीठाला हवे होते तेवढे बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, लेखनात मिळाले.