फ्रँकेन्स्टाइन, आई आणि आतेबहीण

भाची जूनमध्ये न्यू जर्सीहून आली ती बॅगेत दोन कादंबऱ्या आणि एक प्रिंटआउट घेऊनच. सप्टेंबरपासून तिची बारावी आणि तिनं एपी इंग्लिश लिटरेचर घेतलंय, म्हणजे शाळेत बसून कॉलेजच्या लेव्हलचा विषय. परीक्षा मे महिन्यात, तीन तास, पहिल्या तासात ५५ ऑब्जेक्टिव्ह आणि पुढच्या दोन तासांत तीन निबंध, एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि तिसऱ्याला पुस्तक आपलं आपण निवडायचं. मी म्हणलं गाईड असेल की कुठलंतरी, तर म्हणती, "आत्या, नुसती गोष्ट सांगितली तर मार्क नाहीत." प्रत्येक निबंध ६ मार्कांचा आणि त्यातले ४ पुस्तकातला पुरावा देऊन तो उलगडून दाखवण्याचे. मी गप्पच. आम्ही बारावीला कवितेचं रसग्रहण पाठ करून गेलेलो, कवी कुठलाबी असू दे, दुसरा पॅरा तोच.

तर पहिलं पुस्तक फ्रँकेन्स्टाइन, मेरी शेलीची कादंबरी, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा माणूस एक राक्षस घडवून जिवंत करतो ती. मी पण वाचते म्हणलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक कॉपी आणली. राजारामपुरीत आमच्या गॅलरीत दोघी बसायचो, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, चहा गार. मेरी शेलीनं हे लिहायला घेतलं ते पण असल्याच पावसात, १८१६ चा उन्हाळा, आदल्या वर्षी तिकडं इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटलेला आणि युरोपात ऊनच पडेना. तेव्हा ती १८ वर्षांची! भाची १७ ची, ती म्हणली प्रेशर देऊ नको.

तिसऱ्या दिवशी आमचं भांडण लागलं. मी म्हणत होते एलिझाबेथ, म्हणजे व्हिक्टरची होणारी बायको, ही पाळलेली पोरगी, गरिबाच्या झोपडीतनं आणलेली. ती म्हणत होती कझिन. दोघी आपापलं पान दाखवतोय आणि दोघी बरोबर! तिच्या बाईंनी १८१८ ची आवृत्ती सांगितलेली आणि माझी निघाली १८३१ ची, जी शेलीनं स्वतः बदललेली. दोन दिवस मी वेगळंच पुस्तक वाचत होते म्हणा की.

आता कझिन म्हणजे नेमकी कोण, हे इंग्रजीत एका शब्दात कळतच नाही. मागं शोधलं तर व्हिक्टरच्या बापाच्या बहिणीची मुलगी. म्हणजे आतेबहीण. आई आत शेंगा सोलत होती, तिथनंच म्हणली, "आत्याची पोरगी? मामाची असती तर चाललं असतं, आत्याची न्हाई करत." भाची हसून हसून बेजार, तिला दोन्ही 'ईव्'च. पण मग तीच गप्प झाली आणि म्हणली, हे नातं शेलीनं नंतर का काढलं असेल? अन् मार्जिनमध्ये पेन्सिलीनं हा एवढा मोठा प्रश्न. मला वाटतं तयारी तयारी म्हणतात ती हीच, बाकी त्या प्रिंटआउटवरच्या साहित्यिक संज्ञा दोन दुपारी बसलं की होतात.

निवेदकांचा घोळ मात्र मला सोपा गेला. एक जहाजाचा कप्तान बहिणीला पत्रं लिहितोय, त्या पत्रात व्हिक्टर बोलतोय आणि व्हिक्टरच्या बोलण्यात तो राक्षस. मी म्हणलं आपल्या कोल्हापूरच्या खांडेकरांची ययाति घे, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापलं सांगतात, फक्त तिथं एकापाठी एक आणि इथं एकाच्या पोटात दुसरा. मग ती प्रत्येक पानावर वर लिहायला लागली, कोण बोलतंय, कुणाला. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर व्हिक्टर त्या बिचाऱ्याला काय काय म्हणतो त्याची यादी, कारण पोराला नाव दिलंच नाही त्यानं. परवापर्यंत अकरा झालेली.

आई रोज रात्री जेवताना विचारती, काय झालं गं त्या बिननावाच्या पोराचं.

दुसरी कादंबरी अजून बॅगेतच आहे आणि रविवारी फ्लाइट.