हजेरी

३० सप्टेंबर २०२५, रात्री अकरा

किल्लारीच्या भूकंपाला आज ३२ वर्षं झाली. दरवर्षी या तारखेला जेवणं आटोपली की अप्पा तेच सांगायला बसतात. आदल्या रात्री गणपती विसर्जन, म्हणून ते शिकवायचे त्या शाळेच्या गावी न राहता औशाला घरी आलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाची माती, ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली. मुख्यमंत्री शरद पवार सकाळीच किल्लारीत पोचले. ते काय बोलले हे अप्पांना आठवत नाही. सकाळीच आले होते, हे मात्र सांगताना ते कधी गाळत नाहीत.

आजही सांगत होते. मी "हं, हं" करत मोबाईलवर पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावत होते. मान वर केली तर अप्पा गप्प बसलेले. कधी थांबले, कुठल्या वाक्याला थांबले, मला कळलंच नव्हतं. "चालू दे तुझं," म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला तेच जास्त लागलं.

परवा वॉर्डात माझ्याकडून हेच झालं. सकाळच्या ड्युटीला नवी मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, सात नंबरच्या आजी मला जरा..." मी इंडेंट, म्हणजे वॉर्डाच्या सामानाचा मागणी-अर्ज, भरत होते. न बघताच म्हटलं, "नोट्समध्ये लिही, बघते." तिने लिहिलं. मी साडेबाराला वाचलं. आजींची लघवी पहाटेपासून जवळजवळ झालीच नव्हती. डॉक्टरांना बोलावलं, धावपळ झाली, आता आजी बऱ्या आहेत. पण ते चार तास माझे आहेत. लिहिलेलं होतं, मी वॉर्डातच होते, कागदोपत्री कुठेही चूक नाही. त्या मुलीला मात्र आकडा सांगायचा नव्हता. तिला आजींचा चेहरा बरा वाटत नव्हता, आणि ते नोट्समध्ये कसं लिहायचं हे तिला कळत नव्हतं. दुपारी तिनेच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. मी तिची माफी मागितली. तीस खाटांचा वॉर्ड सांभाळते म्हणून मला इन्चार्ज म्हणतात. समोर उभ्या असलेल्या पोरीचं एक वाक्य मला पुरं ऐकता आलं नाही.

आता हे लिहिण्याआधी मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि अप्पांच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, "अप्पा, शाळा परत कधी भरली?" इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

पत्र्याच्या शेडमध्ये भरली, म्हणाले. बाक नाहीत, फळा नाही, खाली ताडपत्री. पोरं येऊन आपापल्या जुन्या जागेवर बसायची, मधल्या जागा रिकाम्या ठेवून.

"हजेरी घ्यायचात?"

"पहिले काही दिवस नाही घेतली. हजेरीपट पिशवीतच ठेवायचो. नावं कशी पुकारायची? पोरं बसायची, मीपण त्यांच्यात जाऊन बसायचो. शिकवलं काहीच नाही."

मग त्यांनी मला तिसरीच्या वर्गातली नावं सांगितली. एकेक करून, ओळीने. मी मध्ये बोलले नाही. सगळी नावं होईपर्यंत साडेदहा वाजून गेले होते.