तुम्ही विचारलंत म्हणून: जलसंजीवनी माहीत असूनही

मी लहान मुलांची डॉक्टर. महिला मंडळात, शाळेत, गावच्या शिबिरात बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, जुलाबावर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसचं मीठ-साखरेचं पाणी, इतकं स्वस्त औषध आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, मग मुलं अजून दगावतात कशी?" प्रश्न जुलाबापुरता नसतो. पाण्याचं, शेतीचं, रस्त्यावरच्या अपघातांचंही त्यात असतं: उपाय हाताशी असून आपण तो करत का नाही? मी मात्र जुलाबाचंच सांगते, कारण ते मी रोज पाहते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावला कॉलऱ्याने थैमान घातलं. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली होती. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधायला लावल्या, त्या पिंपातल्या पाण्यात कालवल्या आणि त्या पाण्याचे पेले आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणारे हात बहुतेक घरच्यांचेच होते. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल, असं लिहिलं. म्हणजे आपल्याकडे, आपल्याच माणसाने, भर संकटात हे करून दाखवलेलं आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली मुलं ६०.६ टक्के, आणि झिंक, म्हणजे ओआरएससोबत द्यायचं जस्ताचं औषध, मिळालेली ३०.५ टक्के.

एक कारण औषधाच्या स्वभावातच आहे. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, म्हणून बाळ सुकत नाही. पण आई मोजते ती शी. सकाळी सहा वेळा झाली, पाणी पाजलं, संध्याकाळी पुन्हा पाच वेळा. मग तिला वाटणारच की यात काही दम नाही. त्यात आजी म्हणते, दात येतायत, पाणी देऊ नका, आणखी पातळ होईल. जे टळलं ते डोळ्यांना दिसत नाही, हीच या औषधाची अडचण.

दुसरं कारण दवाखान्यात आहे. माझ्याकडे येणारी आई पिशवीतून आधीचा कागद काढते. त्यावर अँटिबायोटिक असतं, उलटीचं औषध असतं, जुलाब बांधणारं काहीतरी असतं, ताकदीचं सिरप असतं. ओआरएसचा पत्ता नसतो. बाळाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली जाते, टाळू खोल गेलेली असते, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं असतं. लोक म्हणतात, डॉक्टर कमिशन खातात. मला ते उत्तर अपुरं वाटत होतं. २०२४ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधला एक अभ्यास आला, दोन हजारांहून जास्त खासगी वैद्यकीय व्यावसायिकांचा. पेशंट म्हणून आलेली माणसं प्रत्यक्षात शिकवून पाठवलेली होती. ओआरएस न देण्यामागे पैशाच्या लोभाचा वाटा निघाला पाच टक्के, त्यांच्याकडे पाकीट शिल्लक नसण्याचा सहा. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, एका समजुतीचा होता: पेशंटला ओआरएस नकोच असतं. आणि आलेल्या माणसाने स्वतःहून ओआरएसची इच्छा सांगितली की ते लिहून देण्याचं प्रमाण लक्षणीय वाढत होतं.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. डॉक्टरला वाटतं, पुडी हातात ठेवली तर बाप म्हणेल, एवढ्यासाठी आलो का? बापाला वाटतं, डॉक्टरने लिहिलं नाही म्हणजे ते खरं औषध नसावं. दोघांनाही उपाय माहीत आहे आणि दोघंही समोरच्याच्या मनातलं ओळखायला जाऊन चुकतात. भिंतीवर आणखी एक पोस्टर चिकटवून हे सुटत नाही.

ते कसं सुटतं हे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात दाखवलं. त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन चिमूट मीठ, मूठ गूळ आणि पाणी यांचं मिश्रण आईकडूनच करवून घ्यायच्या. असं एक कोटीहून जास्त घरी. त्यांचा पगार किती घरं झाली यावर नव्हता. नंतर दुसरं माणूस जायचं, आईला काय आठवतं ते विचारायचं, तिने केलेलं मिश्रण तपासायचं, आणि त्यावर पैसे ठरायचे. तरी सुरुवातीला वापर कमीच राहिला. शोध घेतला तर कळलं की कित्येक कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना त्यामागचं शास्त्र समजावलं, पुरुषांनाही बैठकांना बोलावलं. शिकवणाऱ्याला पटलेलं नसेल तर शिकणाऱ्याला ते कळतं, हे मी आशाताईंच्या प्रशिक्षणातही पाहिलं आहे.

आपल्याकडे सरकारच्या अतिसार पंधरवड्यात आशाताईला वाटलेल्या पाकिटामागे एक रुपया ठरवला गेला. हा रुपया पाकीट घरात पोचल्याचा आहे. ते कालवलं गेलं का, बाळाच्या पोटात गेलं का, याचा हिशेब त्यात येत नाही. आशाताईंचा यात दोष नाही. समजावून सांगणं, परत जाऊन पाहणं, या कामाला आपण काम समजत नाही, त्याला वेळ देत नाही, पैसे देत नाही. शोध लावणाऱ्याला पुरस्कार असतो (महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं, तेही मरणोत्तर, २०२३ साली), पण तो शोध शेवटच्या घरात नेणाऱ्या बाईला धड पगारही नाही. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढं सांगते. मुलाला जुलाब लागले की डॉक्टरांसमोर बसताच स्पष्ट म्हणा, "आम्हाला ओआरएस आणि झिंक हवं आहे." संकोच करू नका, तुमच्या या एका वाक्याने चिठ्ठी बदलते. मेडिकलमध्ये गोड पेयाचा खोका नको, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पावडर मागा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. चमच्याने थोडं थोडं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, अंगावरचं दूध बंद करू नका. झिंक जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या. शीमध्ये रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं किंवा काही पिईना, तर वाट न बघता दवाखाना गाठा.