पिवळी पूड आणि खारं पाणी: टिटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाशात चालवण्याचा अनुभव

टिटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीवर प्रकाश पडला की ती पाण्यातली सेंद्रिय घाण तोडते; ते काम साध्या दृश्य प्रकाशात व्हावं, हा आमचा प्रयत्न. रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोखंड आणि टिटॅनियमचं खनिज) आहे, म्हणजे टिटॅनियम दारातच. पण त्यातलं लोखंड काढत बसणं छोट्या प्रयोगशाळेचं काम नव्हे. आम्ही टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या टिटॅनियमच्या द्रवरूप संयुगापासूनच सुरुवात केली.

अॅनाटेज या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट; ३८८ नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश त्याच्या कामाचा नाही. उन्हात अतिनील जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून पुडीला दृश्य प्रकाशही शोषता यावा यासाठी तिच्यात नायट्रोजन मिसळायचा.

१० मिलि आयसोप्रोपॉक्साइड, ४० मिलि निर्जल इथेनॉल आणि २ मिलि ग्लेशियल अॅसेटिक आम्ल एकत्र करून ढवळत्या १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात थेंबथेंब सोडा. पावसाळ्यात खरी अडचण बाटली उघडताना येते: हवेतल्या दमटपणानंच तोंडाशी पांढरा थर धरतो. द्रव कोरड्या सिरिंजनं काढा, भांडी आधी ओव्हनमध्ये वाळवा. तळाशी बसलेला साका धुऊन ८० अंशांना सुकवला की पूड मिळते. ती भाजल्यावर उरणारा टिटॅनियम डायऑक्साइड हिशेबानं २.७ ग्रॅम.

पुडीइतक्याच वजनाचा युरिया घोटून, झाकणाच्या मुशीत ४०० अंशांना दोन तास ठेवा, मिनिटाला ५ अंश चढवत. अमोनिया निघतो, धूर-कपाट हवंच. तापमान ५०० च्या वर गेलं की नायट्रोजन निसटतो, पूड पांढुरकी होते. युरिया वाढवूनही फायदा नाही, कारण जादा नायट्रोजनच्या जागी प्रकाशानं सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा (होल) काम न करताच पुन्हा एकत्र येतात.

पिवळा रंग मात्र पुरावा नव्हे. युरिया तापून तयार होणारे मेलेमसारखे पदार्थही पिवळेच असतात. पूड गरम पाण्यानं धुवा, आणि धुतल्यावर रंग किती उतरतो ते बघा.

पूड चालते का हे बघायला सगळे मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतात: लिटरला १० मिलिग्रॅम रंग, १ ग्रॅम पूड, अंधारात अर्धा तास, मग ४२० नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर (त्याखालचा प्रकाश अडवणारी काच) लावून दिवा. नमुना सेंट्रिफ्यूज करून ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, म्हणजे किती रंग उरला ते कळतं. एवढ्यावर निष्कर्ष काढायला माझा ठाम विरोध आहे. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन टिटॅनियमला देऊन स्वतः तुटतो, म्हणजे साधी पांढरी पूडही 'चालते'. हवा कमी पडली तर तो रंगहीन रूपात जातो आणि ढवळल्यावर परत निळा होतो. पाण्यात हवा सोडत राहा. पुडीशिवायचा नमुना, अंधारातला नमुना आणि बिनरंगी फिनॉल, हे तिन्ही लागतातच. फिनॉल २७० नॅनोमीटरच्या आसपास मोजा. त्याचा वेग रंगापेक्षा बराच कमी येतो. नायट्रोजनच्या पातळीवरच्या होलमध्ये ऑक्सिडीकरणाचा जोर कमी असतो, त्यामुळे तो आकडाच प्रामाणिक.

डिस्टिल्ड पाण्यातला निकाल घेऊन किनाऱ्यावरच्या विहिरीकडे जाऊ नका. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १०००; उन्हाळ्यात खारवलेल्या विहिरी ती ओलांडू शकतात. तेव्हा मीठ लिटरला ०.४१ ग्रॅम आणि १.६५ ग्रॅम घालून तीच चाचणी पुन्हा करा. क्लोराइड आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे घाण तोडणारे अतिक्रियाशील कण, खातात. आम्ल पाण्यात पुडीचा पृष्ठभाग धन असल्यानं क्लोराइड तिथं चिकटतं, परिणाम आणखी वाढतो. मिठानं कण एकत्र येऊन पूड खाली बसते. वेग घटतो, पण गाळणं सोपं होतं. त्यामुळे ढवळणं वाढवा आणि काम संपलं की तासभर निवळू द्या.