चक्कीचं लाल बटण

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरडण्याच्या चक्कीचा विषय निघाला की गाडी थेट रोलरच्या फटीवर जाते. फट एक मिलिमीटर ठेवावी की थोडी जास्त, टरफल अखंड राहिलं का, पीठ किती पडलं. चर्चा रास्तच आहे. टरफलाचा चुरा झाला की रस गाळून देणारा थर उरत नाही आणि सगळा मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला भरडा, चिकट होऊन बसतो. पण हँडल काढून तिथे मोटर जोडली की आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे लक्ष जातं अगदी शेवटी, खणात उरलेला कुठला तरी स्विच हाती लागल्यावर. हँडल सोडलं की चक्की आपोआप थांबायची. मोटरला ती अक्कल स्विचने द्यावी लागते.

दिव्याच्या साध्या स्विचवर चक्की फिरते, यात वाद नाही. अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर साधारण तीन ते पाच अँपिअर घेते, स्विचवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं, हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण सुरू होताना हीच मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि बंद करताना तिचं वायंडिंग स्विचच्या टोकांमध्ये ठिणगी लांबवत राहतं. टोकं हळूहळू जळतात आणि मग कधीतरी एकमेकांना चिकटतात. स्विच बंद दिसतो, चक्की चालूच! म्हणून स्विच घेताना मोटरसाठी दिलेला आकडा शोधावा, अश्वशक्तीतला किंवा एसी-३ या वर्गातला. शेजारचा एसी-१ चा आकडा हीटरसाठी असतो. तो नेहमीच मोठा आणि मोहात पाडणारा.

साध्या स्विचचा दुसरा दोष अधिक वाईट. वीज गेली तरी तो चालू स्थितीतच राहतो. चक्की थांबली म्हणून कुणी हॉपरमध्ये, दाणे ओतायच्या वरच्या पेटीत, डोकावतं, अडकलेले दाणे बोटाने मोकळे करायला जातं, आणि नेमकी तेव्हाच वीज येते. रोलरवर खाच असते. ती दाणा आणि बोट यांत फरक करत नाही. यावर उतारा म्हणजे हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर. आत कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त करंट ओढत राहिली की तिला बंद करणारा रक्षक. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत चक्की हलत नाही.

त्याची जोडणी दिसते त्यापेक्षा सोपी आहे. कंट्रोलचा फेज आधी ओव्हरलोडवर ९५-९६ लिहिलेल्या टोकांमधून, तिथून लाल बटणातून, मग हिरव्या बटणातून कॉइलच्या ए-१ ला, ए-२ न्यूट्रलला. कॉन्टॅक्टरचा मदतनीस संपर्क, १३-१४, फक्त हिरव्या बटणाला समांतर, म्हणजे बटण सोडलं तरी कॉइलची वीज टिकते. लाल बटण ‘नेहमी जोडलेलं’ या प्रकारचंच हवं, म्हणजे त्याची तार तुटली किंवा स्क्रू ढिला झाला तर चक्की बंद पडेल, बेलगाम होणार नाही. पट्ट्याच्या जाळीवर किंवा हॉपरच्या झाकणावर लिमिट स्विच, म्हणजे झाकण उघडताच सुटणारा स्विच, बसवायचा असेल, तर तोही याच साखळीत, लाल बटणाच्या ओळीत.

चुका ठरलेल्या असतात आणि चक्की स्वतःच त्या बोलून दाखवते. हिरवं बटण दाबून धरलं तेवढाच वेळ चालते? १३-१४ जोडायचं राहिलं. लाल दाबलं तरी थांबत नाही? १३-१४ ची एक तार लाल बटणाच्या अलीकडून घेतली गेली. कॉन्टॅक्टर नुसता गुरगुरतो, ओढून घेत नाही? थ्री फेजच्या स्टार्टरमधली ४१५ व्होल्टची कॉइल २३० वर बसली असण्याची शक्यता मोठी. ओव्हरलोड विनाकारण ट्रिप होतो? रिलेच्या तीन खांबांपैकी, म्हणजे करंटच्या तीन वाटांपैकी, दोनच वापरले असतील, तर काही रिले तिसऱ्या रिकाम्या खांबाला ‘फेज गेला’ असं समजतात. फेज पहिल्या खांबातून मोटरला न्यावा. न्यूट्रल दुसऱ्यातून काढून वळसा देऊन तिसऱ्यातून न्यावा. तिन्हींतून सारखाच करंट जातो आणि बंद करताना दोन्ही तारा तुटतात. ओव्हरलोडची चकती मोटरच्या नेमप्लेटवरच्या आकड्याला लावायची, त्याच्यापुढे नाही. ट्रिप होतो म्हणून चकती पुढे सरकवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं.

आता उलट्या फेऱ्याबद्दल. माल्टमध्ये कधी खडा येतो, कधी पोत्याचा सुतळीचा तुकडा, आणि रोलर जाम होतात. मोटर गुणगुणत गरम होते. अशा वेळी अर्धा फेरा उलटा मिळाला तर अडकलेली वस्तू वर येते. कपॅसिटर-स्टार्ट मोटरला सुरुवातीचा धक्का कपॅसिटर जोडलेलं वेगळं स्टार्ट वायंडिंग देतं; तिची दिशा बदलण्यासाठी या वायंडिंगची दोन टोकं रन वायंडिंगच्या तुलनेत उलटी करावी लागतात. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही. यासाठी दोन खांबांचा चेंजओव्हर, म्हणजे तारांची अदलाबदल करणारा स्विच, फक्त स्टार्ट वायंडिंगवर पुरतो, मात्र तो मधली ‘बंद’ जागा नसलेला घ्यावा. मध्ये राहिला तर स्टार्ट वायंडिंग तुटलेलंच राहतं आणि मोटर जागच्या जागी हूं करत तापते. चालू मोटरवर हा स्विच फिरवून उपयोग नाही. वेग आला की सेंट्रिफ्युगल स्विच स्टार्ट वायंडिंगला बाजूला काढतो आणि मोटर आधीच्याच दिशेने धावत राहते. बंद करावं, आतून सेंट्रिफ्युगल स्विच परत जोडला गेल्याचा ‘टक्’ ऐकू येईल, पूर्ण थांबू द्यावं, मगच दिशा बदलावी. मोटरचं झाकण उघडायचं असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून घ्यावा.

बाकी सामान थोडकं. १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक केबल, टोकांना लग, डब्यात शिरताना केबल घट्ट धरणारा ग्लँड. अर्थिंग मोटरच्या अंगाला आणि चक्कीच्या चौकटीलाही, वेगवेगळ्या स्क्रूवर, रंग खरवडून. मागे, पुरवठ्याच्या बाजूला, ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारी संरक्षक यंत्रणा. माल्टची भुकटी बारीक आणि चिवट असते. कॉन्टॅक्टरच्या चुंबकावर बसली की तो भुंग्याचा सूर लावतो. शिवाय हवेत दाट उडाली तर पेटही घेते. म्हणून डबा किमान आयपी ५४ या धूळ रोखणाऱ्या दर्जाचा, हॉपरच्या खाली नाही तर बाजूला, आणि केबलची तोंडं खालच्या अंगाला.

दाणे ओतण्याआधी एक चाचणी चुकवू नये. रिकामी चक्की चालू करून प्लग ओढायचा, पुन्हा लावायचा. ती गप्प राहिली पाहिजे. दोन्ही रोलर आतल्या बाजूला, खाली ओढणारे फिरतात ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. मग चक्की आधी सुरू, दाणे नंतर. भरल्या हॉपरवर सुरुवात केली तर मोटर पहिल्याच फेऱ्याला अडते. आणि लाल बटण कुठे? पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत पोतं असताना गुडघ्याने किंवा कोपराने दाबता येईल असं, मोठ्या छत्रीच्या डोक्याचं.