सरांची वाकडी आकृती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी नाइट ड्युटीवर होते आणि खरं सांगते, डोळ्यासमोर सगळ्यात आधी काय आलं तर बोकडाची फुप्फुसं!

नववी ब. आपल्या विज्ञानाच्या सरांनी बाजाराच्या दिवशी खाटकाला दोनदा बजावून, कुठे चिरू नको म्हणून, श्वासनळीसकट अख्खी फुप्फुसं आणली आणि लॅबमधल्या कडाप्प्यावर पेपर पसरून ठेवली. आम्ही माळकरी घरातल्या तीन-चार मुली नाक दाबून व्हरांड्यात पळालो. पण खिडकीतून बघत होतोच. सरांनी नळीत शिपाईमामांच्या सायकलचा पंप खुपसला, वरून सुतळीने आवळलं आणि मारला पंप, तर तो काळपट लाल गोळा फुगत फुगत गुलाबी झाला ना, अख्खा वर्ग "आईऽऽ गं". पंप काढला की फुस्स करून आपोआप बसायचा. सर म्हणाले, सोडायला जोर लागत नाही, घ्यायला लागतो, आणि तुमचा पंप बाहेर नाही, बरगड्यांच्या खाली आहे. श्वासपटल. ते खाली सरकतं, छातीत जागा होते, हवा आत ओढली जाते, फुप्फुसं बिचारी स्वतःहून काही करत नाहीत. उचकी म्हणजे त्याच पडद्याचा झटका हे कळल्यावर "कोण आठवण काढतंय गं" म्हणणाऱ्या आजीला मी महिनाभर पिडलं.

मग मी आत आले, हात पण लावला. नळी समोरून कडक, कड्या कड्या, आणि मागून एकदम मऊ. का? तर मागे अन्ननलिका चिकटून असते, घास उतरताना तिला फुगायला जागा नको का! म्हणून कूर्चेच्या त्या सोळा ते वीस कड्या पूर्ण गोल नसतात, मागून उघड्या असतात. नळी दोन फुप्फुसांकडे फुटते त्या मुख्य फाट्याच्या आधीच बोकडाला उजवीकडे एक जास्तीची फांदी असते, ती माणसाची म्हणून वहीत काढू नका असं सरांनी सांगितलं होतं, तरी दोघांनी काढलीच.

माझं दुःख वेगळं. मी श्वासनलिकेची आकृती पट्टी लावून काढली, दोन्ही फांद्या अगदी सारख्या, सुबक. पाचपैकी दोन मार्क! मी रडायलाच लागले तर सर म्हणाले, सुंदर आहे, पण अशी नसते. फळ्यावर त्यांनी उजवी फांदी जाड, आखूड, जवळजवळ सरळ खाली काढली होती आणि डावी बारीक, लांब, आडवी गेलेली, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यायची असते. मला वाटलेलं सरांना नीट काढता येत नाही.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे, भुलीच्या मॅडमबरोबर. पेशंटच्या घशातून श्वासासाठी ट्यूब घालताना ती बायकांना दाताजवळ साधारण २१ सेंटीमीटरच्या खुणेवर चिकटवायची, पुरुषांना २३. जरा जास्त आत सरकली की जाणार कुठे? उजवीकडेच. मॅडम स्टेथो लावून दोन्ही बाजू ऐकतात, डावीकडे आवाज नाही आला तर ट्यूब थोडी मागे. उजवी फांदी जेमतेम अडीच सेंटीमीटर, डावी पाच, आणि दर वेळी मला तो फळा दिसतो. शेंगदाणा अडकलेली दोन-तीन वर्षांची पोरं येतात, दाणा बऱ्याचदा उजव्या बाजूला सापडतो (लहान पोरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका हो, प्लीज). १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दुर्बिणीने एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून डुकराचं हाड काढलं, ते पण उजवीकडूनच!

कोर्सला आल्यावर कळलं की या फांद्या तेवीस वेळा फुटत जातात आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश असतात, आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो त्यातली दीडशे मिली तर नुसती नळ्यांतच राहते. हे आकडे मी पाठ केले. फुगणारा गुलाबी गोळा पाठ करावा लागला नाही.

बाकी तो पंप. मामांनी नंतर दोनदा डेटॉलने धुतला, तरी पुढचा महिनाभर हवा भरायला स्टँडवरच्या दुकानातच जायचे.