घरासाठीचे प्राधान्य: कृतज्ञता की भरतीचे धोरण?

महानगरांत शिक्षक, परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान आणि सफाई कामगार ज्या वस्तीची सेवा करतात त्याच वस्तीत त्यांना घर परवडत नाही, ही तक्रार आता जुनी झाली आहे. तिच्यावर अनेक देशांतील नगर प्रशासनांनी काढलेला तोडगा म्हणजे परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत किंवा गृहकर्जाच्या साहाय्यात सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांना प्राधान्य देणे. या प्राधान्याचे समर्थन बहुधा कृतज्ञतेच्या भाषेत केले जाते आणि करोनाच्या साथीनंतर तर ती भाषा अधिकच गहिवरलेली झाली. मला मात्र असे वाटते की हे भरतीचे आणि कर्मचारी टिकवण्याचे साधन आहे, हे प्रशासनाने मोकळेपणाने मान्य करावे. कारण कृतज्ञता कोणावर दाखवायची हे लोकप्रियतेवर ठरते, तर भरतीची गरज रिक्त पदांवरून तपासता येते.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण घ्यावे. तेथे परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत 5 टक्के घरांसाठी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना प्राधान्य असते. त्यात पोलीस, कारकून, उद्यानातील माळी असा भेद नाही. मात्र उत्पन्नाची मर्यादा सर्वांना सारखीच लागू होते. प्राधान्यामुळे अर्ज रांगेत पुढे सरकतो, पण अपात्र अर्जदार त्यामुळे पात्र होत नाही. घरात दोन पगार आले की हे कुटुंब अनेकदा मर्यादेबाहेर जाते, मग प्राधान्य असूनही त्याचा उपयोग होत नाही. तरीही मला ही रचना त्यातल्या त्यात न्याय्य वाटते, कारण तिच्यात कोणत्या गणवेशाला किती टाळ्या मिळतात याचा विचार नाही.

त्याच शहरातील स्थानिक रहिवाशांसाठीचे प्राधान्य मात्र न्यायालयात अडकले. परिसरातील रहिवाशांसाठी 50 टक्के घरांत प्राधान्य ठेवण्याच्या नियमामुळे वांशिक विभागणी कायम राहते, असा आक्षेप घेऊन 2015 मध्ये दावा दाखल झाला आणि 2024 च्या तडजोडीनुसार हे प्रमाण आधी 20 आणि पुढे 2029 पासून 15 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. नोकरीवर आधारित प्राधान्यालाही हाच प्रश्न विचारता येतो: ज्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाचे लोक भरती झाले, त्या खात्याला घरांत प्राधान्य दिले तर जुनी विषमता नव्या इमारतीत तशीच राहायला येणार नाही का? अमेरिकेच्या संघीय नियमांत याची थोडी जाण दिसते. तेथील स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांना रहिवासाचे प्राधान्य ठेवता येते, पण त्या भागात नोकरी करणाऱ्यांनाही रहिवाशांप्रमाणेच वागवावे लागते आणि कोण किती वर्षांपासून राहतो वा काम करतो हा निकष लावता येत नाही. नोकरदार कुटुंबांना प्राधान्य द्यायचे झाल्यास वृद्ध आणि अपंग कुटुंबप्रमुखांनाही त्याचा लाभ द्यावा लागतो. या शेवटच्या अटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, मला मात्र ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

घर विकत देण्याच्या योजनांची गत निराळी आहे. अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण खात्याच्या एका योजनेत पोलीस, शिक्षक, अग्निशमन जवान आणि आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी यांना पुनरुज्जीवनासाठी निवडलेल्या वस्त्यांतील घरे निम्म्या किमतीत मिळतात. अट एवढीच की तेथे 36 महिने स्वतः राहावे. या योजनेच्या आधीच्या रूपात काही लाभार्थ्यांनी घरे घेऊन तेथे न राहता ती भाड्याने दिली, खटले झाले आणि 2001 मध्ये योजना काही काळ स्थगित ठेवावी लागली. कृतज्ञतेपोटी दिलेल्या वस्तूचा हिशेब मागणे अवघड वाटते, त्यामुळे तपासणीही सैल राहते, असा माझा तर्क आहे. इंग्लंडमध्ये 2004 साली सुरू झालेल्या योजनेत परिचारिका, शिक्षक, पोलीस आदींना घरखरेदीसाठी कर्ज मिळे, पण ती नोकरी सोडल्यास ते परत करावे लागे. रूक्ष अट खरी, पण प्रामाणिक.

कॅलिफोर्नियात शाळा जिल्ह्यांनी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, स्वतःच घरे बांधण्याचा मार्ग धरला. सांता क्लारा येथे शिक्षकांसाठी बांधलेला प्रकल्प 2002 मध्ये सुरू झाला आणि पुढे तेथील घरांची संख्या 70 झाली. डेली सिटी येथे 2022 मध्ये 122 घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात शिक्षकांबरोबर शाळेचे इतर कर्मचारीही राहतात. अशा प्रकल्पांपुढची मोठी अडचण कररचनेची होती. परवडणाऱ्या घरांसाठी मिळणारी संघीय करसवलत हवी असेल तर ती घरे सर्वसामान्य जनतेसाठी खुली असावी लागतात. एका मालकाच्या नोकरांपुरती राखून ठेवलेली इमारत त्या व्याख्येत बसत नाही. 2008 च्या कायद्याने सरकारी धोरणात नमूद केलेल्या विशिष्ट गटांना प्राधान्य देण्याची मुभा दिली आणि कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये शिक्षकांच्या घरांविषयीचा कायदा करून शाळा कर्मचाऱ्यांचा गट राज्याच्या धोरणात आणला. लाभार्थी कोण हे अशा रीतीने कायद्यात स्पष्ट लिहिले जाते, तेव्हा त्या व्याख्येबाहेर राहणाऱ्यांची बाजूही मांडता येते.

बाहेर राहणाऱ्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी असते. शाळेची इमारत झाडणारा, रुग्णालयात रात्रपाळीला पहारा देणारा किंवा कचऱ्याची गाडी चालवणारा माणूस काम सार्वजनिक करतो, पण त्याचा पगार कंत्राटदार देतो. त्यामुळे ‘कर्मचारी’ या व्याख्येत तो बसत नाही. त्याचे उत्पन्न सर्वांत कमी आणि कामावर पोहोचण्याची वेळ बहुधा सर्वांत आधीची. प्राधान्याचा निकष मस्टरवरील नाव नसून प्रत्यक्ष काम हा असावा, असे मला वाटते. पडताळणी किचकट होईल, पण ती जबाबदारी अर्जदारावर न टाकता काम करवून घेणाऱ्या खात्यावर टाकता येईल.

राहिला तो नोकरी संपल्यानंतरचा प्रश्न. मालकच घरमालक असेल तेथे बडतर्फीची नोटीस ही घर सोडण्याचीही नोटीस ठरते आणि वरिष्ठांविरुद्ध तक्रार करू पाहणारा किंवा संपात उतरू पाहणारा कर्मचारी आधी आपल्या मुलांच्या छपराचा विचार करतो. म्हणून घरांचे व्यवस्थापन नोकरी देणाऱ्या खात्याकडे न ठेवता स्वतंत्र संस्थेकडे सोपवावे. निवृत्ती, आजारपण वा मृत्यू यांमुळे नोकरी संपल्यास कुटुंबाला किती मुदत मिळेल ते भाडेकरारात लिहावे. आणि सेवेविषयीच्या वादाचा निकाल लागेपर्यंत घर रिकामे करवून घेऊ नये.